समुद्रपूरची समुद्रकाकडी

समुद्राच्या तळाबद्दल अधिकारवाणीनं बोलायचं असेल तर माणसानं वर्ध्यात राहावं. पाचशे किलोमीटरच्या आत कुठल्याही दिशेला समुद्र नाही, त्यामुळे एखादा कोळी उठून आपल्याला खोटं पाडेल ही भीती नाही. मी इथल्या एका कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि माझा हातखंडा विषय होता कंटकचर्मी प्राणी. जगात त्यांच्या सात हजारांच्या आसपास जाती, झाडून सगळ्या खाऱ्या पाण्यातल्या. गोड्या पाण्यात औषधालाही नाही, म्हणजे आमची धाम नदी त्या बाबतीत निर्दोष. माझ्याकडे होत्या फॉर्मॅलिनच्या पिवळट बरण्या. त्यातल्या ब्रिटल स्टारचे हात केव्हाच गळून तळाशी पडले होते. आपलं नाव सार्थ करून दाखवणारा तेवढा एकच नमुना.

हे प्राणी लक्षात ठेवायची मी एक युक्ती काढली होती. आकार विसरा, म्हणायचो, फक्त तोंड कुठं आणि मागचं दार कुठं ते सांगा, वर्ग आपोआप कळतो. तारामाशाचं तोंड खाली, जमिनीकडे, आणि दुसरं दार पाठीवर. जेवायची वेळ झाली की तो पोटच बाहेर काढून शिंपल्यात सारतो आणि बाहेरच्या बाहेर पचवून घेतो. ब्रिटल स्टारला मागचं दार नाहीच. आत गेलेलं ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं परत. सी-अर्चिनच्या तोंडात पाच दातांचं यंत्र असतं, त्याला ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात, आणि त्याचं मागचं दार असतं डोक्यावर. फेदर स्टारचं तोंड आणि गुदद्वार दोन्ही वरच्या बाजूला, शेजारीशेजारी. ही रचना कोणाच्या सोयीची, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण वर्ग खरा जागा व्हायचा समुद्रकाकडीला. ही बाई आडवी पडून राहते आणि श्वास घेते मागच्या दारानं. तिथूनच पाणी आत ओढते, तिथूनच सोडते. काही जातींत एक बारीक मासा त्याच दारानं आत शिरतो आणि बिऱ्हाड करतो. फार छेडलं तर ती आपली आतडी शत्रूच्या अंगावर फेकते आणि पुढे नवी उगवून घेते. चार-पाच किलोमीटर खोल अंधाऱ्या तळावर कित्येक ठिकाणी डोळ्यांना दिसणाऱ्या जिवांत हिचीच बहुसंख्या. काम काय, तर चिखल खायचा, त्यातलं सत्त्व काढून घ्यायचं आणि उरलेली वाळू वळ्या घालून मागे सोडायची. भारत सरकारनं 2001 साली हिला वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत बसवलं. ‘अन् वाघाले हे माहीत हाये का सर?’ असं एकानं मागच्या बाकावरून विचारलं होतं.

त्याच बाकावरून दुसरा प्रश्न आला होता, ‘सर, तुमी समुद्र पाह्यला का?’

‘पाहिलाय. जुहूला.’

‘मंग तारामासा दिसला असंन!’

‘भरती होती,’ मी म्हणालो. दिसली होती ती भेळ.

निवृत्त झालो त्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्यानं हुरड्याला बोलावलं. शेत समुद्रपूर ओलांडून वरोऱ्याच्या बाजूला, पिजदुऱ्याच्या शिवारात. हुरडा झाला, वर ताक झालं आणि मी धुऱ्यावर शतपावली घालू लागलो. तर पायाशी ती! वीतभर लांब, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, अंगावर आडव्या वळ्या. दगड झालेली समुद्रकाकडी. आयुष्यभर जिचं वर्णन केलं ती शेवटी मला भेटायला वर्ध्याकडे सरकत आली होती.

कंटकचर्मींचा हिशेब पाचाचा असतो, म्हणून मी उभ्या खाचा मोजल्या. सहा भरल्या. सहावी हा तडा आहे असं तिथल्या तिथे ठरवलं. खरा जीवाश्म जिभेला चिकटतो असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून चाटूनही पाहिला. किंचित चिकटल्यासारखा वाटला. वाटेतल्या तालुक्याचं नाव समुद्रपूर हा तर तोंडी पुरावाच होता. मग विद्यार्थ्याच्या वडिलांना मी उभ्या-उभ्या सगळं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हंजे मांगून श्वास घेते?’

‘हो.’

‘अन् मांगूनच मासा घुसते?’

‘हो.’

‘तरी काई म्हनत नाई?’ थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ‘न्या जी सर. असे लई हायेत इथं. आमी धुऱ्यालेच लावतो.’

घरी आणल्यावर मी तिला शोकेसमध्ये ठेवणार होतो. पण आईनं विचारलं, समुद्रातलं आहे का? मी छाती फुगवून हो म्हणालो. समुद्रातलं म्हणजे विष्णूचं, असं म्हणून तिनं ती देवघरात शाळिग्रामाशेजारी बसवली. रोज आंघोळ, गंध, तुळस. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचा नैवेद्य. मी तोवर एका मासिकासाठी ‘विदर्भाचा हरवलेला समुद्र’ नावाचा लेख लिहायला घेतला.

नशीब, तो पाठवायच्या आधी नागपूरचा जुना वर्गमित्र आला. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. मी त्याला थेट देवघरासमोर नेलं. त्यानं दगड उचलला, खिडकीपाशी नेला, फिरवला.

‘पिजदुरा?’

मी चकित. ‘कसं ओळखलंस?’

‘समुद्रकाकडीच्या अंगात हाड किती असतं रे?’

हे मी वर्षानुवर्षं मुलांना लिहून दिलं होतं: सांगाडा असा नाहीच, कातडीत कॅल्साइटचे सूक्ष्म कण, म्हणून अख्खा जीवाश्म अतिदुर्मीळ. माझ्याच नोट्समधलं वाक्य, अधोरेखित केलेलं.

‘चाटलास का?’ त्यानं विचारलं.

मी गप्प.

मग तो सांगू लागला. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी त्या भागात समुद्र नव्हता, नद्या-तळी होती, आणि काठानं डायनोसॉर चरत होते. पिजदुऱ्यात त्यांची हाडं सापडतात आणि हाडांसोबत हेही. मॅटली नावाच्या संशोधकानं 1939 मध्ये नुसत्या पिजदुऱ्याच्या या दगडांवर शोधनिबंध लिहिला. 2005 साली ‘सायन्स’मध्ये निबंध आला तो यांच्यावरच. आत गवताचे सूक्ष्म कण सापडले, तोवर डायनोसॉर गवत खात असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ‘जगप्रसिद्ध वस्तू आहे,’ तो म्हणाला, ‘फक्त ती प्राणी नाही. प्राण्यानं मागे सोडलेली आहे.’

मागच्या दारावर मी एवढी वर्षं व्याख्यानं दिली आणि तिथून बाहेर पडलेली वस्तू मला ओळखता आली नाही. ओळखली ती, मला वाटतं, विद्यार्थ्याच्या वडिलांनी. पण पाहुण्याला काय बोलायचं.

‘आणि समुद्रातला जीव हवा असेल तर तुझ्या देवघरात आहे,’ मित्र जाता जाता म्हणाला. ‘शाळिग्राम. त्यात अमोनाइट असतो, हिमालय उठायच्या आधीच्या समुद्रातला.’ तेही मला ठाऊक होतं. पण तो मृदुकाय, माझा विषय नव्हे.

आता आईला सांगणं आलं. मी जमेल तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं.

‘म्हणजे शेणच ना?’ ती म्हणाली.

‘तसंच.’

‘काय खात होता तो?’

‘गवत. भाताच्या कुळातलंही.’

‘मांस-मच्छी?’

‘नाही.’

‘मग झालं. शेणानं सारवूनच देव बसवतात. राहू दे त्याला.’ आणि तिनं तो दगड ताम्हनात घेऊन त्याच्यावर पाणी घातलं.

‘आई, निदान शाळिग्रामाला तरी आधी आंघोळ घाल,’ मी म्हणालो. ‘तो वयानं मोठा आहे.’

‘तू आता कोण कुठला ते सांगू नकोस,’ ती म्हणाली. ‘तुळस आण.’