शितावरून भात

आम्ही पाच जण मिळून एक कंपनी चालवतो. पाचातले चार मुळातले टेस्टर. लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा धंदा. माझ्या आईला तो अजून पटलेला नाही. "चुका काढायचे पैसे मिळतात हे आमच्या वेळी कुणी सांगितलं नाही," असं ती म्हणते, आणि म्हणता म्हणता मंडईत भेंडीची टोकं मोडून बघत असते.

पाचवे सर विक्री सांभाळतात. त्यांची मला दया येते. बाकी चौघांना कुठलीही गोष्ट सरळ वापरता येत नाही. रजेचा नवा अर्ज संगणकावर आला, तेव्हा ऑटोमेशनच्या प्रमुखाने आधी शून्य दिवसांची रजा मागितली, मग ३० फेब्रुवारीपासूनची, मग सुरू होण्याआधीच संपणारी. ही तिसरी मंजूर झाली. मंजूर करणारा मीच होतो.

तर या सरांनी माहितीपत्रकासाठी एक वाक्य लिहून आणलं: 'आमच्या हाताखालून गेलेलं सॉफ्टवेअर शंभर टक्के निर्दोष.' सोमवारच्या बैठकीत ते वाचलं गेलं आणि खोली गार पडली. आमच्या मॅडमनी, म्हणजे सीईओंनी, चष्मा काढून एवढंच विचारलं, "शंभर टक्के कशाचे?"

प्रश्न रास्त होता. दहा आकडी मोबाइल नंबरचा एकच रकाना घ्या. सगळे आकडे घालून बघायचे तर ते हजार कोटी भरतात. सेकंदाला एक पाहिला तरी तीनशेहून जास्त वर्षं लागतील. तोवर क्लायंट थांबत नाही. म्हणून आम्ही निवडून तपासतो, आणि न निवडलेल्याची धास्ती घेऊन झोपतो. डाइक्स्ट्रा नावाचे डच संगणकशास्त्रज्ञ अर्धशतकापूर्वीच सांगून गेले की, चाचणीने चूक आहे हे दाखवता येतं, नाही हे दाखवता येत नाही.

सर म्हणाले, "अहो, शितावरून भाताची परीक्षा होतेच की."

ही म्हण आमच्याकडे काढायची नसते. ४ जून १९९६ला युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत आकाशात फुटलं. त्यातला दिशादर्शनाचा एक तुकडा एरियान ४वरून तसाच उचललेला, तिथे नीट चाललेला. नवं रॉकेट जास्त वेगाचं. वेगाचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. जुन्या पातेल्यातलं शीत दाबून नवा भात शिजला म्हटलं, दुसरं काय! मॅडमनी ही गोष्ट सरांना तिसऱ्यांदा सांगितली. सरांनी ती तिसऱ्यांदा ऐकून घेतली, हा त्यांचा मोठेपणा.

पुढचे दोन सोमवार ते वाक्य झिजत गेलं. 'शंभर टक्के' गेलं, 'निर्दोष' गेलं, 'खात्रीने' तर दारातच अडलं. उरलं ते असं: 'आम्ही काय तपासलं, काय सापडलं आणि काय तपासायचं राहिलं, हे तिन्ही लिहून देऊ.' सर म्हणाले, "ही जाहिरात आहे की कबुलीजबाब?"

मला विचाराल तर यातलं तिसरंच आमचं खरं दुकान. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा फोन येतो, "सोडू का?" मॅडम उघड्या राहिलेल्या चुका वाचून दाखवतात, त्यातली कुठली कुणाला भोवेल ते सांगतात, आणि गप्प बसतात. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. क्लायंट वैतागतो. पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन करतो.

पत्रक आता छापून आलंय. आम्ही चौघांनी ते तपासलंय, म्हणजे त्यात काही नाही असं नव्हे. तुमच्या हाती पडलं आणि चूक दिसली तर जरूर कळवा. फक्त 'चुकलंय' एवढंच लिहू नका. पान कितवं, ओळ कितवी, काय छापलंय आणि तिथे काय हवं होतं, तेही लिहा.