काचीगुडा ते हक्कोडा: एका बुटाचा प्रवास

हिमवृष्टी हवामानावर अवलंबून असते, असे भूगोलाची पाठ्यपुस्तके सांगतात. हैदराबादेत ती तिकिटावर अवलंबून असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या ग्रॅनाइटवर वसलेल्या या शहराच्या नोंदींतील नीचांक जानेवारी १९४६ मधला, ६.१ अंश सेल्सिअस इतका आहे. म्हणजे अत्यंत कडाक्याच्या त्या थंडीतही पाणी गोठायला सहा अंश कमीच पडले. ही उणीव २००४ साली लोअर टँक बंड रस्त्यावर, इंदिरा पार्कशेजारी सुरू झालेल्या 'स्नो वर्ल्ड'ने भरून काढली. बाहेर मे असो वा डिसेंबर, आत उणे पाच अंश राखलेले असतात, आत जाणाऱ्यास कोट, हातमोजे आणि बूट दिले जातात, आणि ठरल्या वेळी वरून हिम पडते. हंगामाचा आरंभ, ऐन हंगाम आणि अखेर असा भेद तेथे संभवत नाही.

जपानात तो संभवतो, आणि पुढील सर्व अनर्थ त्या भेदातून उद्भवला असल्याने त्याचे स्पष्टीकरण आधी करणे इष्ट ठरेल. हिवाळ्यात सायबेरियावरून निघणारे कोरडे, अतिथंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना, तेथील त्सुशिमा या उबदार सागरी प्रवाहामुळे भरपूर बाष्प शोषून घेतात आणि होन्शू व होक्काइदो या बेटांच्या डोंगरांना अडून ते सारे हिमरूपाने खाली टाकतात. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून कोकणाचे जे करतात, तेच हे. इबुकी पर्वतावरील वेधशाळेत १४ फेब्रुवारी १९२७ रोजी जमिनीवरील हिमाची जाडी ११.८२ मीटर भरली होती. उत्तर होन्शूतील हक्कोडा डोंगरांत, सुकायू नावाच्या उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी, फेब्रुवारी २०१३ मध्ये ५६६ सेंटिमीटर हिम साचले होते. हे आकडे वाचणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहसा येत नाही, ती ही की दोन्ही फेब्रुवारीतले आहेत.

नोव्हेंबरअखेरीस त्याच डोंगरांवर वेगळे चित्र असते. 'सासा' नावाचा बुटका बांबू, झुडपे, ओढे आणि दगड यांच्यावर कोवळ्या हिमाचा थर आलेला असतो, पण तो त्यांना केवळ झाकतो, दाबत नाही. त्यामुळे वरून निर्वेध दिसणाऱ्या उतारावर स्कीचे टोक बांबूखाली शिरते आणि स्कीपटू पुढे निघून जातो. शिवाय पातळ हिमाच्या वर थंड हवा आणि खाली उबदार जमीन असली की आतील वाफ वर सरकते व तळाचे हिम साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होते; पुढे जानेवारीत त्यावर मोठा थर बसला की तो त्या दाण्यांवरून घसरू शकतो, आणि यालाच हिमस्खलन म्हणतात. जेथे यांत्रिक पाळणे, आखलेले उतार आणि पहारेकरी नाहीत अशा रानातील स्कीइंगला 'बॅककंट्री' अशी संज्ञा आहे. तेथे स्कीच्या तळाला 'स्किन' नावाची, पुढे सरकणारी पण मागे न घसरणारी केसाळ पट्टी लावून डोंगर आपल्याच पायांनी चढावा लागतो, आणि गाडले गेल्यास सापडावे म्हणून ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारे यंत्र छातीशी बांधावे लागते. ही शेवटची तरतूद ऐकूनही ज्याचा उत्साह मावळला नाही, अशा एका गृहस्थाची ही हकिकत आहे.

हे गृहस्थ, ज्यांना येथून पुढे केवळ 'प्रवासी' म्हटले जाईल, हैदराबादेतील काचीगुड्यात तिसऱ्या मजल्यावर राहणारे निवृत्त बँक कर्मचारी असून, त्यांच्या गुडघ्यांना जिना मान्य नाही, पोटाला वाकणे मान्य नाही, आणि स्वतः त्यांना या दोहोंचे म्हणणे मान्य नाही. त्यांचा पुतण्या सेंदाई शहरात नोकरीला आहे व हिवाळ्यात सुट्टी मिळाली की हक्कोडा गाठतो. "काका, येणार असाल तर फेब्रुवारीत या, आणि केबलकारमधून बघा," असे त्याने स्पष्ट सांगितले होते. परंतु विमानाची तिकिटे डिसेंबरच्या आरंभी स्वस्त होती, आणि बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ऋतूपेक्षा दर अधिक विश्वासार्ह वाटतो. पुतण्याने अखेर आपले जुने बॅककंट्री बूट, मायदेशी येणाऱ्या एका मित्राच्या सामानातून, सरावासाठी पाठवून दिले.

या बुटाची रचना समजून घेतल्याखेरीज पुढील प्रसंगाचे गांभीर्य कळणार नाही. बाहेर कडक प्लास्टिकचे कवच, आत मऊ अस्तराचा दुसरा बूट, कवचाच्या दोन पाख्या एकमेकींवर चढलेल्या, त्यांवर दातेरी पट्टीत अडकणाऱ्या धातूच्या कड्या, आणि घोट्यामागे एक छोटी तरफ, असा हा ऐवज असतो. त्याचे माप पावलाच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये सांगतात. प्रवाशाने आपले पाऊल सकाळी उठल्याबरोबर, पत्नीच्या शिवणाच्या टेपने मोजून कळवले होते आणि ते पुतण्याच्या मापाशी तंतोतंत जुळले होते. परंतु पाऊल दिवसभरात फुगते, आणि बूट चढवले गेले दुपारच्या जेवणानंतर. बूट सैल असू नयेत असे कोठेतरी वाचले असल्याने प्रवाशाने प्रत्येक कडी शेवटच्या दात्यापर्यंत ओढली. पहिली पाच मिनिटे समाधानाची गेली. सहाव्या मिनिटाला कड्या सैल करून पाय बाहेर ओढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कड्या उघडल्या, पण पाय आला नाही.

प्रवाशाच्या पत्नी गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी आधी खोबरेल तेल, मग टाल्कम पावडर आणि शेवटी दोन्ही एकत्र वापरून पाहिले, त्यातून जो लेप तयार झाला त्याने उरलीसुरली हालचालही थांबली. त्यानंतर त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, स्नो वर्ल्डची तिकिटं काढलेली आहेत आजची. थंडीत पाय आकसतात. तसेच चला." हे विधान पायांपुरते खरे होते. प्लास्टिकचाही एक गुणधर्म असतो आणि तो नेमका उलट दिशेने काम करतो, हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आले नाही.

स्कीच्या बुटात घोटा पुढे कललेल्या स्थितीत जखडलेला असतो, त्यामुळे तो घालून जिना उतरायचा झाल्यास उलटे, म्हणजे जिन्याकडे तोंड करून उतरणे हाच एक सुरक्षित मार्ग आहे. प्रवासी तीन मजले त्याच रीतीने उतरला. दुसऱ्या मजल्यावरील तेलुगू शेजारीणबाईंनी हे कोणते व्रत आहे अशी आदराने चौकशी केली आणि उत्तराची वाट न पाहता हात जोडले. खाली आल्यावर प्रत्येक पावलागणिक फरशीवर जो आवाज होत होता, त्याने वॉचमन उठून उभा राहिला. निवृत्तीनंतर इतका मान प्रवाशाला प्रथमच मिळत होता.

रिक्षावाल्याने पायांकडे पाहिले आणि मीटरला हातही न लावता विचारले, "पाँव कू क्या हुआ साब? निम्स कू ले जाऊँ?" निम्स हे पंजागुट्ट्याचे मोठे रुग्णालय. नकार मिळताच त्याने सहानुभूतीने दुसरा पर्याय सुचवला: "पुत्तूर कट्टू करा लो, हड्डी जल्दी जुडती." पुत्तूर कट्टू म्हणजे आंध्रातील पुत्तूर गावावरून ओळखली जाणारी, मोडलेले हाड पट्ट्यांनी बांधण्याची पारंपरिक पद्धत, तिच्या पाट्या हैदराबादेत जागोजागी दिसतात. हाड मोडलेले नसून हे बूट आहेत, आणि ते बर्फात घालायचे आहेत, असे प्रवाशाने सांगितल्यावर रिक्षावाला बराच वेळ काही बोलला नाही. नारायणगुड्याच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर त्याने मागे वळून एवढेच विचारले, "हैदराबाद में?" हुसेनसागर तलाव उजवीकडे होता की डावीकडे, याची नोंद प्रवाशाकडे नाही.

स्नो वर्ल्डमध्ये बूट देणाऱ्या मुलाने सवयीने एक जोड पुढे केला, प्रवाशाच्या पायांकडे पाहिले आणि तो जोड आदरपूर्वक मागे घेतला. आतील थंडी खरी होती. काही मिनिटांतच कवच दगडासारखे घट्ट झाले, कारण अशा प्लास्टिकचा ताठरपणा तापमान उतरते तसा वाढतो. कड्याही गारठून बसल्या. पाय आकसला असेलही, परंतु तो आता अधिक मजबूत तुरुंगात आकसला होता. लहान मुले घसरगुंडीवरून खाली येत होती, गाणी वाजत होती, तरुण मंडळी हिमात आडवी पडून एकमेकांचे चित्रीकरण करत होती आणि आवडले नाही की पुन्हा उठून पुन्हा पडत होती. या शेवटच्या प्रकाराचा प्रवाशाला मनस्वी संताप आला. ज्या वस्तूसाठी माणसे समुद्र ओलांडतात, तिच्याकडे पाठ करून तिच्यात लोळणे हा अपमान आहे, असे मत त्याने पत्नीजवळ व्यक्त केले. मात्र ते करताना त्याला वळता येत नसल्याने, ते शेजारच्या एका अनोळखी गृहस्थास ऐकावे लागले.

यंत्राने केलेले हिम आणि आकाशातून पडणारे हिम यांत फरक असतो, हेही येथे सांगायला हवे. यंत्रात पाण्याचे सूक्ष्म थेंब एकदम गोठतात, म्हणून त्यांचे गोल दाणे होतात. ढगात बाष्प थेट, सावकाश, थरावर थर चढत स्फटिक होते, म्हणून त्याला सहा फाटे फुटतात. हा नैसर्गिक आकार प्रयोगशाळेत प्रथम घडवला तो होक्काइदो विद्यापीठातील उकिचिरो नाकाया यांनी, १९३६ साली, आणि स्फटिक धरायला त्यांना जो आधार लागला तो सशाच्या केसाचा होता. इतर धागे निरुपयोगी ठरल्यावर सशाचा केस कामी यावा, हे प्रवाशाला त्याच्या साऱ्या वाचनात सर्वाधिक आवडलेले वाक्य होते, आणि ते तो संधी मिळेल तेथे सांगत असे.

ती संधी आतच मिळाली. नांदेडकडून आलेल्या एका कुटुंबातील नऊवारी नेसलेल्या आजीबाई, वर भला मोठा कोट चढवून, एका कोपऱ्यात तळहात पसरून उभ्या होत्या. हिमवृष्टी सुरू झाली तशी त्यांनी नातवाने चढवलेला हातमोजा काढून टाकला. तळहातावर दाणे पडत होते, विरघळत होते, आणि त्या ओला तळहात पुन्हा पुन्हा पुसून कोरडा करत होत्या, जणू पुढचा दाणा टिकेल. प्रवाशाने नाकायांची व सशाची हकिकत सुरू केली. आजीबाईंनी ती अर्धी ऐकली आणि म्हणाल्या, "व्हय बाबा, पर बोलू नगंस जरा." प्रवासी गप्प राहिला. पाण्याच्या टँकरमागे घागरी घेऊन धावण्यात ज्यांची उमर गेली असेल, त्यांच्या हातावर पाणी असे फुकटचे, पांढरे होऊन पडत असताना स्फटिकशास्त्र सांगणे बरे दिसत नाही.

सुटका बाहेर झाली, आणि ती विज्ञानाने केली. रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसलेल्या चर्मकाराने प्रवाशाला उन्हात, पाय लांब करून बसवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची चप्पल शिवायला घेतली. डिसेंबरचे असले तरी ते हैदराबादचे ऊन होते; काळे कवच तापले, तापले तसे नरम झाले. मग त्या कारागिराने दोन्ही हातांनी पाख्या फाकवल्या, आतील जीभ वर ओढली आणि "अब खींचो" म्हणाला. पाय आला. दुसरा पाय काढण्यापूर्वी त्याने घोट्यामागची ती छोटी तरफ बोटाने वर उचलली, त्यासरशी बुटाचा घोटा सुटा होऊन मागेपुढे हलू लागला. चालताना तरफ उघडी ठेवायची आणि उतारावर बंद करायची, ही बॅककंट्री बुटाची मुख्य सोय त्याने एकही पुस्तक न वाचता ओळखली होती. प्रवाशाचे म्हणणे असे की तरफेवरील खूण जपानी लिपीत होती. पत्नींचे म्हणणे असे की त्यावर चालणाऱ्या माणसाचे चित्र होते.

त्या रात्री पुतण्याला फोन लावण्यात आला. जपानचे घड्याळ साडेतीन तास पुढे असल्याने तो झोपेतून उठून बोलला. हक्कोडावर वरच्या अंगाला गुडघाभर हिम होते, पण सासाची टोके अजून उघडी होती आणि ओढे झाकले गेले नव्हते. तो स्वतः केबलकारने वर जाऊन त्याच केबलकारने खाली आला होता. फोन ठेवताना त्याने जे सांगितले त्यावर प्रवाशाने विनोद केला नाही. जानेवारी १९०२ मध्ये, रशियाशी युद्ध झाल्यास हिवाळी हालचाली कशा कराव्यात याच्या सरावासाठी, आओमोरीच्या पाचव्या पायदळ रेजिमेंटचे २१० सैनिक याच डोंगरांत निघाले होते. वादळात वाट चुकली आणि त्यांपैकी १९९ मरण पावले. जे ११ वाचले, त्यांतील बहुतेकांचे हातपाय हिमदंशामुळे कापावे लागले. त्यांना वाटेतले एक उन्हाळ्यांचे ठिकाण गाठायचे होते, इतकेच. त्यांच्या पायांत स्की नव्हत्या, कारण जपानात स्कीइंग रीतसर शिकवले गेले ते त्यानंतर नऊ वर्षांनी, १२ जानेवारी १९११ रोजी, ताकादा येथे. शिकवणारा थिओडोर फॉन लेर्ख हा ऑस्ट्रियन अधिकारी होता. प्रवाशाने बूट पुसून, कड्या लावून, कपाटावर ठेवले.

ज्या वाचकांस हक्कोडाला जायचे असेल त्यांनी स्वस्त तिकिटाकडे पाहू नये. हिम लागून राक्षसांसारखी दिसणारी तेथील प्रसिद्ध झाडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पाहायला मिळतात, आणि रानातील उतार वाटाड्याशिवाय कधीच करू नयेत. डिसेंबरातच जाणे भाग असेल तर सुकायूचे लाकडी स्नानगृह गाठावे. तेथे बूट दारातच काढावे लागतात.