खाट इथे, चूल तिथे

कुवेतमधल्या ग्रामीण कुटुंबाचं मध्यक उत्पन्न काढायचं, तर आधी ग्रामीण कुटुंब शोधावं लागतं. वफ्रा आणि अब्दलीला शेती आहे, टोमॅटो-काकडी पिकते. पण मालक शहरात राहतो आणि राबणारा परदेशी, त्याचं घरदार समुद्रापलीकडे.

आमच्या रत्नागिरीकडच्या पोराचंच बघा. कुवेतमधल्या महबूलात एका खोलीत त्याची खाट, खाटेखाली बॅग. खाटेला कोण कुटुंब म्हणणार? गावी सर्वेक्षणवाला विचारतो, "एका चुलीवर जेवणारे किती?" त्यातही हा नाही. पैसा मोजला जातो, माणूस राहून जातो.

त्या पैशाची वाढ मात्र झकास! 1961 साली दिनार आला तेव्हा तो 13 रुपये 33 पैशांचा होता. आज अडीचशेच्या पुढे. पगार जागच्या जागी, घसरतो तो रुपया, आणि आळीत बोलबाला, "यंदाही वाढलं हो त्याचं!"

एवढं वाढलंय, तर बायकोला आणावं म्हटलं. 2024 मध्ये कुटुंब-व्हिसा पुन्हा सुरू झाला तो किमान 800 दिनार पगाराच्या अटीवर. म्हणजे इथे आधी उत्पन्न सिद्ध करायचं, कुटुंब मागाहून मिळेल.