पाच तारे एसीला, एक सूर्य भिंतीला

चाळीस हजारांचा एसी घ्यायला गेलो की आपण दुकानदाराला घाम फोडतो. किती तारे? वर्षाला किती युनिट? कॉइल तांब्याची ना? दीड कोटीचा फ्लॅट घ्यायला गेलो की मात्र प्रश्न तीनच. पार्किंग मिळेल का, पझेशन कधी आणि देवघर ईशान्येला येतंय ना? ज्या भिंतींतून आत आलेली उष्णता तो एसी जन्मभर उपसणार, त्या भिंतींबद्दल अवाक्षर नाही.

सरकारही आपल्याच वळणावर गेलंय. एसीवर ताऱ्यांचं लेबल लावणं २०१० पासून सक्तीचं आहे. तारे देणारा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो घरांनाही तारे देतो, पण मागेल त्यालाच. ऐच्छिक! ‘थ्री बीएचके, फोर स्टार’ असं होर्डिंग कधी पाहिलंत? इन्फिनिटी पूल, इटालियन मार्बल, योगा डेक हे सगळं दिसतं. मे महिन्यात बेडरूम किती तापेल, हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

नियम नाहीत असं कोण म्हणतं? डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने ‘इको निवास संहिता’ आणली. नाव आश्रमाचं वाटलं तरी आतला हिशेब चोख आहे. थंड प्रदेश सोडले तर बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरीने चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाता कामा नये. मुंबईसारख्या उष्ण-दमट गावात खिडक्या, झरोके आणि बाल्कनीची दारं मिळून प्रत्यक्ष उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या किमान एक षष्ठांश हवा. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट.

आता आपल्या लाडक्या टू-ट्रॅक स्लायडिंगकडे बघा. तिची निम्मी काच कायम दुसऱ्या निम्म्या काचेमागे उभी. संहिताही तिला अर्धेच गुण देते. म्हणजे सगळीकडे स्लायडिंग लावलं, तर १०० फूट वाऱ्यासाठी २०० फूट खिडकी काढा. मग भिंत कुठे बांधायची, असं बिल्डर विचारेल, आणि बरोबरच विचारेल. पल्ल्याच्या खिडकीला ९० टक्के गुण आहेत. पण तिचा पल्ला बाहेर उघडतो, आणि बाहेर सोसायटीचं ग्रिल पहाऱ्याला असतं.

शिवाय संहिता दिल्लीची, बांधकाम परवानगी महापालिकेची. राज्याने नियमात घेऊन पालिकेने नकाशे त्यावर तपासेपर्यंत हा सगळा वडीलधाऱ्यांचा सल्ला. मान डोलवायची आणि पुढे जायचं.

बिल्डरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं गणित आपल्यापेक्षा पक्कं आहे. एफएसआय मोजताना बाहेरच्या भिंतीची जाडी धरतात. रेराच्या कार्पेट एरियात ती धरत नाहीत. म्हणजे भिंत जाड केली की एफएसआय खर्ची पडतो आणि विकायला इंचही मिळत नाही. मग भिंत पापडासारखी होणार नाही तर काय? त्यात मायवान शटरिंग आलं. अॅल्युमिनियमचे साचे लावले, काँक्रीट ओतलं, मजला उभा. काम झटपट, भिंत सरळ, प्लास्टरची कटकट कमी. फक्त सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा साधारण चौपट उष्णता आत येते. वाचलेली जाडी बिल्डरची, वाढलेलं बिल तुमचं.

बक्षीसही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. छान! पण मानांकनाचे गुण पाणी, कचरा, झाडं अशा कित्येक खात्यांत विभागलेले असतात. त्यामुळे प्रवेशद्वारावर प्लॅटिनमची पाटी झळकते, आणि तुमची पश्चिमेची खोली तापते की नाही, हे ती पाटी सांगत नाही.

बुकिंग थंडावलं की बांधकामवाले पंचतारांकित हॉटेलात परिषद भरवून ‘नव्या संधी’ शोधतात. एसी हॉलमध्ये त्या कशा सापडणार? संधी रोज दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर चढते. काचेच्या बाहेरून लावायच्या सरकत्या झडपा कोण बनवणार? ऊन काचेबाहेरच अडवावं लागतं. आतून पडदा ओढेपर्यंत ते घरात शिरलेलं असतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याखाली इन्सुलेशन आणि वर पांढरं चायना मोझॅक घालणारा ठेकेदार, ब्लॉक पातळ सांध्यात जोडणारा गवंडी, पल्ल्याची खिडकी पावसात न गळेल अशी बसवणारा फॅब्रिकेटर, नकाशा पास होण्याआधी उष्णतेचा आकडा काढून देणारा इंजिनिअर, या सगळ्यांना काम आहे. गिऱ्हाईक मात्र नाही, कारण गिऱ्हाइकाने विचारलेलंच नाही.

विचारणार तरी कसा? तो वास्तुतज्ज्ञाला घेऊन साइटवर गेलेला असतो. शेगडी आग्नेयेला सरकवण्यासाठी तो प्लंबिंग फोडायला तयार असतो. मुलांची खोली पश्चिमेला आहे आणि तिच्या मोठ्या काचेवर छज्जा नाही, हे त्याच होकायंत्रात दिसतं, पण त्याची फी कुणी घेतलेली नसते.

तेव्हा घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. मे महिन्यात दुपारी चारला जा. सॅम्पल फ्लॅटमधला एसी अर्धा तास बंद ठेवायला सांगा आणि भिंतीला हात लावून उभे राहा. सेल्स मॅनेजर लगबगीने गार पाण्याची बाटली पुढे करेल. पाणी प्या. टोकन देऊ नका.