हिवाळी रंगपंचमी

ब्रिटनमध्ये क्वाड बाइक उन्हाळ्यात पळवायची असते, म्हणून तिची फ्रेम रंगवायला हिवाळा राखून ठेवतात. स्प्रे रंगाच्या डब्यावर बहुधा १० अंशांच्या वरचं तापमान सांगितलेलं असतं आणि गॅरेजमध्ये असतात ३. पण डब्यावरच्या सूचना इतरांसाठी असतात, हा गृहस्थाश्रमाचा पहिला नियम.

गारठ्यात डब्यातला दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी थुंकी बाहेर पडते. मग डबा कोमट पाण्यात बसवायचा. घरातल्या बाळाला इतकी निगुतीनं अंघोळ मिळत नसेल. पुढे सुपीक डोक्यातून रॉकेलचा हीटर निघतो. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि थेट फ्रेमच्या गार नळ्यांवर जमतं. पोलाद दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम असावं, असं पोलाद रंगवणारे व्यावसायिक सांगतात. गृहस्थ दवावरच रंग मारतात, तोही ज्वालाग्राही थिनरच्या वाफेत ज्योत पेटती ठेवून. हौसेला विमा नसतो.

शेवटी फ्रेम दिवाणखान्यात, रेडिएटरला टेकून. बायको माहेरी. पावडर कोटिंगवाला हेच काम भट्टीत सुमारे २०० अंशांवर अर्ध्या तासाच्या आत पक्कं करतो, पण पैसे मागतो!

वसंतात पहिल्याच फेरीत खडे उडतात, टवके निघतात. मग वरून चिखलाचा हात बसतो. तो मात्र कुठल्याही तापमानाला वाळतो.