दरपत्रकसाहेब, जरा दर्शनी भागात या

मा. दरपत्रकसाहेब,
मुक्काम : काऊंटरमागची भिंत, कॅलेंडरच्या आड,
जिल्हा परभणी.



आपली भेट दुर्मिळ, म्हणून हे पत्र. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत सुधारणा झाली आणि खासगी दवाखान्यांनी आपल्याला रुग्णहक्कांच्या सनदेसह दर्शनी भागात लावावं असं ठरलं. आपण मात्र भलतेच संकोची निघालात. पैसे भरायचा क्यूआर कोड काऊंटरवर, मेडिकलवर, लॅबच्या दारावर ठळक. आणि आपण पुष्कळदा असलात तरी ‘खाट’, ‘नर्सिंग’, ‘डॉक्टर व्हिजिट’ एवढ्या ओळींपुरते. खाली बारीक अक्षरात ‘इतर खर्च वेगळा’. डिस्चार्जच्या दिवशी बिल फुगतं ते या ‘इतर’नं : मॉनिटर, ऑक्सिजन, हातमोजे, जैविक कचरा.

आपले वकील सांगतात, प्रत्येक पेशंट वेगळा, आधी अंदाज कसा देणार? मोंढ्यात सोयाबीनही प्रत्येकाचं वेगळंच असतं. ओलावा पाहून भाव खाली-वर होतो, पण तो बोलला जातो माल मापात जाण्याआधी. शिवाय हा अंदाज दवाखाने रोज बांधतातच, फक्त पेशंटसाठी नव्हे. कॅशलेस विमा असला की कंपनीच्या अर्जात अपेक्षित खर्चाचा रकाना भरून जातो. तो भरल्याशिवाय मंजुरीच येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तर प्रत्येक उपचाराचं पॅकेज आधीच ठरलेलं. कोविडमध्ये 21 मे 2020 च्या आदेशानं राज्य सरकारनं साधी खाट दिवसाला 4,000, अतिदक्षता 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये असे दर बांधले. पुढच्या वर्षी जूनमध्ये शहरांचे वर्ग पाडून लहान गावांसाठी हेच आकडे 2,400, 4,500 आणि 5,400 वर आणले आणि बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. (महागडी इंजेक्शनं आणि सीटी स्कॅन तेव्हाही बाहेरच होते, ‘इतर’ महामारीलाही पुरून उरलं.) म्हणजे विमा कंपनी विचारते तेव्हा आकडा असतो, सरकार विचारतं तेव्हा असतो. पालमहून बापाला घेऊन आलेला मुलगा विचारतो तेव्हा उत्तर येतं, ‘आधी डिपॉझिट भरा, पुढचं पुढं पाहू.’ आकडा ठाऊक नसतो असं नाही. रोखीनं देणाऱ्याला तो सांगितला जात नाही.

आणि हा रोखीचा माणूस सर्वांत कमजोर. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2017-18 च्या पाहणीत ग्रामीण भारतात सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी खर्च 4,290 रुपये निघाला, खासगीत 27,347. त्या वर्षीच्या 3,050 रुपये हमीभावानं हिशेब केला तर नऊ क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. आकडा आधी कळला तर माणूस सोनं गहाण ठेवायचं की बचत गटाचं कर्ज काढायचं हे ठरवतो, फुले योजनेतला दवाखाना शोधतो, जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडला जायचं का ते पाहतो. तिसऱ्या दिवशी कळला तर सावकाराखेरीज कोणी उरत नाही.

डॉक्टरांची बाजू खोटी नाही. इमारतीचं कर्ज, सोनोग्राफीचे हप्ते, रात्रपाळीचा स्टाफ, जनरेटरचं डिझेल हे कोणीतरी भरायचंच. पण दर कमी करा असं हा नियम म्हणतच नाही. दर सांगा, एवढंच म्हणतो. जो दर योग्य वाटतो तो भिंतीवर लिहायला हरकत काय? उलट बिलाच्या खिडकीवरची हुज्जत, कधी हातघाईपर्यंत जाणारी, त्यानं कमीच होईल. राहिला इमर्जन्सीचा मुद्दा. अपघातात कोणी भाव विचारत बसत नाही, हे मान्य. पण मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा, ठरवून केलेलं सिझेरियन यांत घाई कसली असते?

मात्र साहेब, नुसतं भिंतीवर येऊन आपण सुटणार नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2021 पासून रुग्णालयांना दर जाहीर करणं सक्तीचं झालं, तर त्यांनी संगणकालाच वाचता याव्यात अशा अवाढव्य फाइली टाकल्या. पेशंट होता तिथंच राहिला. म्हणून आपण मराठीत या, ‘इतर’ची फोड करून या, आणि ठरवलेल्या शस्त्रक्रियेआधी सहीशिक्क्याच्या कागदावर पेशंटच्या हातात या. खर्च त्या कागदावरच्या आकड्यापुढे जाणार असेल तर त्याच दिवशी नातेवाइकांना कळवा, डिस्चार्जला नव्हे.



आपला,
एक रोखीचा ग्राहक

ता. क. – वाचकहो, दाखल होताना दरपत्रक मागा, खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि दवाखाना फुले योजनेत असेल तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. दरपत्रक दाखवलंच नाही तर परभणी शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.