बासवाला

डॅलसच्या पूर्वेला दीड तासावर लेक फोर्क हा धरणाचा तलाव आहे. शनिवारी पहाटे तिथे तीन तऱ्हेची माणसं जमतात, प्रत्येकाचा मासा वेगळा. क्रॅपीवाला पुलाच्या खांबापाशी बोट लावतो, गळाला मिन्नो हा छोटा जिवंत मासा टोचतो आणि मासा कुठे लागतोय हे सख्ख्या भावालाही सांगत नाही. कॅटफिशवाला काठावर घडीच्या खुर्चीत बसतो; त्याच्या आमिषाच्या डब्याचं झाकण उघडलं की वाऱ्याच्या दिशेला बसलेले लोक जागा बदलतात. या दोघांना मासे खायचे असतात.

तिसरा बासवाला. त्याचं तसं नाही.

आमचा बासवाला मूळचा मालवणचा. त्याची बोट घरच्या गाडीपेक्षा महाग, इंजिन अडीचशे हॉर्सपॉवरचं. पण हा तलाव भरताना बरीचशी झाडं माशांच्या आसऱ्यासाठी मुद्दाम उभीच ठेवली होती. त्यामुळे बोटींचा मार्ग सोडून आत शिरलं की ते अडीचशे घोडे दबक्या पावलांनी चालतात. अंगातल्या जर्सीवर इतक्या कंपन्यांची नावं, की त्या याला पैसे देत असाव्यात असं वाटावं. दिलेत यानेच. पेटीत रबरी गांडुळांची रास. त्यातलं ‘ग्रीन पम्पकिन’ रंगाचं कुठलं आणि ‘वॉटरमेलन रेड’ कुठलं, हे तो अंधारातही सांगतो. माशाला ते कळतं का, असं विचारू नये. मी विचारलं, त्यानंतर तासभर पाण्याच्या गढूळपणावर ऐकलं.

मासा लागलाच, तर आधी वजन, मग मोजपट्टी, मग फोटो. फोटोत हात कोपरापासून ताठ पुढे, म्हणजे पावशेराचा जीवही वासराएवढा दिसतो. आणि मग तो मासा पाण्यात! इथे 16 ते 24 इंचांमधला बास सोडावाच लागतो, असा नियम आहे. पण हा 14 इंची, कायद्याने खाता येण्याजोगा मासाही सोडतो. मालवणहून आलेल्या आईने हे पाहिलं आणि विचारलं, “सोडूचोच होतो तर धरलंस कित्याक?” अडीचशे हॉर्सपॉवर गप्प.

त्याच्यासमोर आणखी एक विषय काढू नये. टेक्सासमधला विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोचा, 1992 साली याच तलावात सापडला. धरणारा गृहस्थ क्रॅपीसाठी मिन्नो लावून बसला होता. “योगायोग,” आमचा बासवाला म्हणतो आणि मासे शोधणाऱ्या सोनार-यंत्राच्या पडद्यात डोकं घालतो.

त्या संध्याकाळी निघताना काठावरच्या कॅटफिशवाल्याने बर्फात घालून एक मासा दिला. याने नको म्हटलं नाही. घरी आईने तुकड्यांना हळद-मीठ चोळता चोळता विचारलं, “ह्यो तू धरलंस?”

“त्याचं टेक्निक वेगळं असतं गं,” असं म्हणून तो ताट घेऊन बसला.